इन्सुलिन चालू असूनही साखर पुन्हा पुन्हा चढते: छोट्या, म्हाताऱ्या, दत्तक कुत्र्यात कारण कसं शोधायचं

तक्रार साधारण अशी असते. मधुमेहाचं निदान झालं, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई सुरू झाली, दोन-तीन आठवडे बरे गेले. मग पुन्हा पाण्याचं भांडं दुपारपर्यंत रिकामं, रात्री दोनदा दाराशी उभा, सकाळी अंथरूण ओलं. साखर एक दिवस 140, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी 430. डोस थोडा वाढवला की चार दिवस ठीक, नंतर ये रे माझ्या मागल्या.

इथे बहुतेक घरांत डोस आणखी वाढवला जातो आणि गुंता वाढतो. 25 किलोच्या लॅब्रॅडॉरला एका वेळी 7-8 युनिट जातात, त्यात अर्ध्या युनिटची चूक खपून जाते. 6 किलोच्या पॉमेरेनियनचा सुरुवातीचा डोस किलोमागे पाव युनिट धरला तर दीड युनिट होतो. तिथे अर्ध्या युनिटची चूक म्हणजे डोसच्या एक तृतीयांश. म्हणून छोट्या कुत्र्यात पहिला प्रश्न डोस कमी पडतोय का, हा नसतो. कागदावर लिहिलेला डोस रोज अंगात जातोय का, हा असतो. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे: आधी बाटली आणि सिरिंज, मग ताट, मग आकडे आणि शेवटी शरीरातली कारणं. डोस बदलायचा निर्णय डॉक्टरांचा, पण त्यांच्यापुढे नीट माहिती ठेवणं आपल्या हातात आहे.

आधी दोन धोके, ज्यात थांबायचं नाही

साखर खाली जाणं. मीटरवर 70 च्या खाली, किंवा मीटर हाताशी नसताना पाय लटपटणं, अंग थरथरणं, शून्यात नजर, भिंतीला धडकणं, झटके. एक छोटा चमचा मध, किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात दाटसर कालवून बोटाने गालाच्या आतल्या बाजूला आणि हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, ठसका लागून ते फुफ्फुसात जातं. झटके चालू असतील तर दातांच्या मध्ये बोट घालू नका, ओठ उचलून बाहेरून चोळा. सावध झाला की नेहमीचं थोडं खाणं द्या, 10-15 मिनिटांनी पुन्हा साखर बघा आणि डॉक्टरांना फोन करा. पुढची सुई त्यांच्याशी बोलल्याशिवाय द्यायची नाही. ‘शुगर-फ्री’ लिहिलेलं काहीही देऊ नका. त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याची साखर आणखी कोसळते आणि लिव्हरही जातं.

दुसरा धोका उलट बाजूचा: कीटोन, म्हणजे इन्सुलिन अपुरं पडून शरीर चरबी जाळायला लागलं की रक्तात साचणारी आम्लं. साखर चढलेली, खाणं बंद, उलट्या, मलूल, श्वास भराभर, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास. साखर आणि कीटोन दोन्ही दाखवणाऱ्या लघवीच्या पट्ट्यांची एक डबी घरात असावी. कीटोनचा रंग ठळक उमटला आणि कुत्रा खात नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुई वाढवून हे घरी सुटत नाही. सलाईन आणि रक्तातल्या क्षारांवर लक्ष ठेवणं, दोन्ही लागतं.

बाटली कोणती, सिरिंज कोणती

आपल्याकडे माणसांचं इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. एका मिलिलिटरला 40 युनिटची बाटली आणि एका मिलिलिटरला 100 युनिटचं पेन-कार्ट्रिज किंवा बाटली. सिरिंजही दोन: 40 ची लाल टोपीची, 100 ची नारिंगी टोपीची. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली हे दोन रंग सहज एकसारखे दिसतात.

हिशेब करून बघा. 100 च्या ताकदीचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दीडच्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात जातात पावणेचार युनिट, म्हणजे अडीचपट. उलट 40 चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये दीडपर्यंत ओढलं तर जातं जेमतेम 0.6 युनिट. आठवडाभर साखर चारशेच्या घरात होती आणि नव्या सिरिंजच्या पाकिटानंतर अचानक कोसळली, किंवा याच्या उलट झालं, तर सगळ्यात आधी कचऱ्यातली टोपी शोधा.

दुसरी चूक बाटलीच्या नावात. कुत्र्यासाठी डॉक्टर बहुधा मध्यम पल्ल्याचं एनपीएच इन्सुलिन लिहून देतात: ह्युमिन्सुलिन एन, इन्सुलॅटार्ड वगैरे. त्याच कंपन्यांचं 30/70 मिश्रणही शेजारच्याच कप्प्यात असतं आणि मेडिकलवाला ‘तेच आहे हो’ म्हणत ते देऊ शकतो. ते तेच नाही. त्यात 30 टक्के जलद इन्सुलिन असतं, साखर आधी झपकन खाली येते आणि मग वर जाते. नव्या बाटलीचं खोकं जुन्या खोक्याशेजारी धरा, नाव, त्यापुढचं अक्षर आणि युनिटचा आकडा जुळवा, मगच जुनं खोकं टाका.

कुत्र्यांसाठीचं कॅनिन्सुलिन डुकराच्या इन्सुलिनपासून बनतं आणि ते 40 च्या ताकदीचं असतं. डुकराचं आणि कुत्र्याचं इन्सुलिन अमिनो आम्लांच्या रचनेत तंतोतंत सारखं आहे, माणसाचं एका अमिनो आम्लाने वेगळं. तरी माणसांचं एनपीएच बऱ्याच कुत्र्यांना चालतं. घरातल्या आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या मात्र चालत नाहीत. कुत्र्याच्या स्वादुपिंडात इन्सुलिन जवळपास बनतच नसतं, तेव्हा गोळी पिळून काढणार काय? कारल्याचा रस, मेथी आणि जांभळाची बी यांचाही सुईऐवजी उपयोग नाही.

अर्धा युनिट दिसतो तरी कसा

लाल टोपीच्या नेहमीच्या 1 मिलीच्या सिरिंजवर 40 रेघा असतात, दोन रेघांत साधारण दीड मिलिमीटर अंतर. म्हणजे अर्धा युनिट पाऊण मिलिमीटरचा. चाळिशीचा चष्मा न लावता पहाटे साडेसहाला तो मोजणं कठीणच. एकाच घरात सकाळी सासूबाई सुई देतात आणि संध्याकाळी मुलगा, तर दोघांचा ‘दीड’ वेगळा असतो.

करून बघण्यासारखी परीक्षा: घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या रिकाम्या सिरिंजमध्ये साध्या पाण्याचा दीड युनिट ओढायचा आणि त्या उजेडात शेजारी-शेजारी धरायच्या. फरक डोळ्यांना दिसतो. वाचायचं ते काळ्या रबराच्या सुईकडच्या सपाट कडेवर. काही रबरांना मध्ये टोक असतं, त्या टोकावर वाचलं तर डोस चुकतो. परीक्षेच्या सिरिंजा लगेच टाकून द्या.

बुडबुडा हा दुसरा चोर. 40 च्या ताकदीत एक युनिट म्हणजे 0.025 मिली, आणि मुगाच्या दाण्याएवढा बुडबुडा तेवढी जागा सहज खातो. दीड युनिटातला एक युनिट हवेचा असेल तर त्या वेळचा डोस गेल्यात जमा. म्हणून 5-6 युनिट ओढा, सिरिंज उभी धरून टिचकी मारा, बुडबुडे वर आले की जास्तीचं सगळं परत बाटलीत ढकलत दीडवर या. नेमकं दीडवर ओढून थांबण्यापेक्षा वरून खाली येत थांबणं अचूक जातं.

सिरिंज घेताना 0.3 मिलीची अर्ध्या युनिटच्या खुणांची विचारून बघा. ती 100 च्या मापाची असते, म्हणून 100 च्या ताकदीच्या इन्सुलिनबरोबरच. 40 चं इन्सुलिन तिच्यातून देण्याची युक्ती काही डॉक्टर वापरतात: खुणेचा आकडा डोसच्या अडीचपट धरायचा, म्हणजे 4 ची खूण भरते 1.6 युनिटला. माप बारीक मिळतं हे खरं, पण हे फक्त डॉक्टरांनी कागदावर खुणेचा आकडा लिहून दिला असेल तर करा, आणि मग घरात दुसऱ्या प्रकारची एकही सिरिंज ठेवू नका. लहान मुलांसाठी अर्ध्या युनिटने वाढणारी पेनंही असतात. इन्सुलिन घरी सलाईन मिसळून पातळ करण्याच्या फंदात पडू नका, त्याचा असर किती वेळ टिकेल हे बिघडतं.

डोस वाढवतानाही याच रेघा आड येतात. एका वेळी 10 ते 20 टक्के वाढ पुरेशी असते. दीड युनिटाचे 20 टक्के म्हणजे 0.3. ‘एक रेघ वाढवली’ म्हणजे तुम्ही एका फटक्यात 67 टक्के वाढ केलीत.

सुई कातडीखाली गेली की केसांत

म्हाताऱ्या, वाळलेल्या कुत्र्याची कातडी पातळ असते. चिमटीत धरून तंबू केला आणि सुई वरून आरपार घातली की ती पलीकडच्या बाजूने बाहेर येते आणि औषध केसांत सांडतं. टोचलेल्या जागी बोट फिरवा, ओलं लागलं आणि बोटाला दवाखान्यात येतो तसा जंतुनाशकाचा वास आला तर सुई बाहेर गेली. अशा वेळी पुन्हा टोचायचं नाही. किती आत गेलं ते कळायला मार्ग नाही, आणि बारा तास साखर चढलेली परवडते, दुप्पट डोस परवडत नाही. वहीत ‘अर्धवट’ लिहा आणि पुढच्या वेळेला नेहमीचा डोस द्या.

सुई 6 किंवा 8 मिलिमीटरची घ्या. तंबूच्या पायथ्याशी, अंगाला जवळपास समांतर घाला, दट्ट्या दाबून पाच मोजा, मग काढा. पॉमेरेनियन, ल्हासा, शिह त्झू यांचे केस दाट, तेव्हा बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या चौकोनात केस कापून घ्या, टोचताना दिसतं तरी. आणि रोज मानेमागेच टोचू नका. तिथली कातडी धरायला सोपी म्हणून सगळे तिथेच टोचतात, काही महिन्यांत ती जाड होते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. सोमवार-मंगळवार डावी बाजू, बुधवार-गुरुवार उजवी, असा काहीतरी ठरलेला फेरा ठेवा.

सुई दिल्याची खूण भिंतीवरच्या कॅलेंडरावर करायची, त्याच क्षणी. ‘तू दिलीस का?’ ‘मला वाटलं तू दिलीस’ या संवादातून दुहेरी डोस गेल्याची उदाहरणं दवाखान्यांना नवी नाहीत.

इन्सुलिन मेलं असेल तर

2 ते 8 अंश, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दारात ठेवलं तर दिवसभर हेलकावे आणि ऊब. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलं तर गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पूर्ववत दिसलं तरी कामाचं राहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात लोडशेडिंग चार-पाच तासांचं झालं तर फ्रिज उघडू नका. जास्त वेळ असेल तर बाटली झाकणाच्या कोरड्या डब्यात घालून डबा ओल्या फडक्यात गुंडाळा आणि सावलीत मातीच्या माठाशी ठेवा. दवाखान्यात नेताना बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका, मध्ये नॅपकिन ठेवा.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर चिकटपट्टीने लावा. छोट्या कुत्र्याला 10 मिलीची बाटली 400 युनिटची, रोज 3 युनिटच्या हिशेबाने चार महिने पुरते, आणि नेमका हाच घोळ आहे. औषध संपत नाही म्हणून चालूच राहतं, पण उघडलेली बाटली खोक्यावर लिहिलेल्या मुदतीनंतर, साधारण चार ते सहा आठवड्यांत, टाकून द्यायची असते. जीव तुटतो, पण ती टाकाच. पहिल्या महिन्यात साखर सुंदर आणि तिसऱ्या महिन्यात हळूहळू वर, असा आलेख दिसला की बाटलीवरची तारीख वाचा.

एनपीएच दुधासारखं गढूळ असतं. तळहातांमध्ये 10-15 वेळा लाटण्यासारखं फिरवा, तळाशी पांढरं साचलेलं राहता कामा नये. न ढवळता ओढलं तर सुरुवातीचे डोस पातळ आणि बाटलीच्या तळचे डोस जोरदार. कॅनिन्सुलिनच्या पत्रकात मात्र चांगलं हलवून घ्यायला सांगितलेलं असतं, तेव्हा ज्याचं त्याचं पत्रक वाचा. गुठळ्या किंवा भिंतीला चिकटलेले कण दिसले की बाटली बाद.

ताटात काय पडतंय

12 तासांच्या अंतराने दोन जेवणं, दोन्ही सारखी, आधी जेवण आणि लगेच सुई. आधी जेवू द्यायचं याचं कारण सरळ आहे: म्हातारा, दात पडलेला कुत्रा कधी अर्ध्यावर ताट सोडेल सांगता येत नाही, आणि दिलेली सुई परत घेता येत नाही.

वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. 6 किलोच्या, नसबंदी झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 300 ते 370 कॅलरी लागतात. मध्यम आकाराची एक पोळी 80 ते 100 कॅलरीची. म्हणजे आजीने दुपारी प्रेमाने कुस्करून घातलेली दूध-पोळी ही त्याच्या दिवसाच्या खाण्याची चौथाई, तीही सुईशी काहीही संबंध नसलेल्या वेळी. चहाबरोबरची ग्लुकोजची बिस्किटं त्याच जातीची. आजीला रागावून उपयोग नसतो. तिच्या हातात उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे, काकडीच्या चकत्या किंवा उकडलेल्या फरसबीची डबी द्या. भरवण्याचं सुख तिचं राहतं, साखर तुमची राहते.

खाण्याचा प्रकार बदलायचा असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू, आणि त्या काळात डोसला हात लावू नका. जाड कुत्र्याला तंतुमय खाणं मदत करतं, पण दत्तक आलेला हाडं दिसणारा कुत्रा असेल तर त्याला ते नको, आधी वजन भरू द्या. मटणाची चरबी, तळण, दिवाळीचा फराळ यांनी स्वादुपिंडाला सूज येते आणि महिनाभराची घडी एका दिवसात मोडते. दिवाळीत फटाक्यांच्या भीतीने न जेवणारे कुत्रेही असतात. त्या चार दिवसांचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

न खाण्याच्या दिवसाचा नियम डॉक्टरांकडून लेखी घ्या. बऱ्याचदा तो असा असतो: अर्धं खाल्लं तर अर्धा डोस, काहीच खाल्लं नाही किंवा उलटी झाली तर सुई थांबवून लगेच फोन. सुईआधीची साखर 150 च्या खाली दिसली तर आधी खाऊ घाला, तासाभराने पुन्हा मोजा आणि विचारल्याशिवाय पूर्ण डोस देऊ नका. चुकलेल्या डोसची भरपाई पुढच्या डोसात कधीच करायची नाही.

आकडे खरे आहेत का, आणि ते काय सांगतात

माणसांचं मीटर कुत्र्याच्या रक्तात साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. जनावरांसाठीचं मीटर मिळालं तर उत्तम, नाही तर एकच मीटर कायम वापरा आणि डॉक्टरांना कोणतं ते सांगा. कुत्र्याला रक्तक्षय असेल तर मात्र आकडा खोटा वर जातो. गोचीड तापातून उठलेल्या कुत्र्यात हे विसरलं जातं. साखर 300 दिसते, खरी त्याहून कमी असते आणि डोस वाढवला जातो.

रक्त कानाच्या कडेचं, ओठाच्या आतलं किंवा कोपरावरच्या घट्ट्याचं घेता येतं. कानाला आधी कोमट फडक्याने अर्धा मिनिट शेकलं की थेंब पटकन येतो. मध चोळलेल्या किंवा गूळ खाल्लेल्या बोटाने कान धरला तर 500 दिसू शकतं, हात धुऊन घ्या. माणसं दंडावर लावतात ते साखर मोजणारे सेन्सर कुत्र्यांनाही लावतात, केस काढून, मानेमागे किंवा छातीच्या बाजूला. ते 14 दिवसांचे असतात, पण कुत्र्यावर अनेकदा त्याआधीच सुटतात. सेन्सरने अचानक 45 दाखवलं आणि कुत्रा शेपूट हलवत फिरतोय, तर कानाचं रक्त घेऊन खात्री करा. तो सेन्सरवर दाबून झोपला असेल तरी आकडा खाली जातो. लक्षणं दिसत असतील तर मात्र खात्री करत बसू नका, मध आधी.

सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे मापाचं भांडं. सकाळी 1 लिटर पाणी मोजून ठेवा, 24 तासांनी उरलेलं मोजा. बाथरूमचं दार लावा आणि बाल्कनीतली बादली उचला, नाहीतर हिशेब चुकतो. किलोमागे 100 मिलीच्या वर, म्हणजे 6 किलोच्या कुत्र्याने 600 मिलीच्या वर पाणी पिणं हे नक्की जास्त. साखर ताब्यात असली की हा आकडा 350 च्या आसपास उतरतो, उन्हाळ्यात थोडा वर. पाणी तोडून लघवी कमी करायचा विचारही नको.

डोस बदलल्यावर किमान 7 दिवस थांबून एक पूर्ण दिवस दर दोन तासांनी साखर मोजायची. दिवसाचा नीचांक 80 ते 150 मध्ये आणि बाकी वेळ साधारण 250 च्या आत असेल तर छान. आता हा आलेख बघा, 6 किलोचा कुत्रा, 2 युनिट एनपीएच, सकाळी 7 ची सुई:

7 वाजता 370, 9 ला 240, 11 ला 128, 1 ला 112, 3 ला 230, 5 ला 340, 7 ला 390.

सकाळी आणि संध्याकाळी फक्त सुईआधी मोजणाऱ्याला इथे 370 आणि 390 एवढंच दिसतं. तो म्हणतो, डोस कमी पडतोय. खरं तर डोस नेमका आहे, नीचांक 112 आहे. कमी पडतोय तो पल्ला: औषध आठ तासांत संपतं. इथे डोस वाढवला तर दुपारी 1 वाजता, घरात कोणी नसताना, साखर साठावर येईल. उपाय इन्सुलिनचा प्रकार बदलण्याचा, आणि तो डॉक्टरांशी बोलायचा.

दिवसभर आडवी रेघ, 350 ते 420, काही हललंच नाही? मग वरचे बाटली-सिरिंजचे सगळे मुद्दे पुन्हा तपासा. सगळं बरोबर असेल तर डोस कमी आहे किंवा शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. आणि आधी 60 आणि मग 450 असा झोका दिसला तर डोस जास्त झालाय. साखर फार खाली गेली की शरीर घाबरून साठवलेली साखर रक्तात ओततं. अशा कुत्र्याला डोस वाढवून नाही, कमी करून बरं वाटतं. आकडा 80 च्या खाली एकदा जरी गेला तरी डोस कमी करण्याबद्दल बोलायलाच हवं.

आलेखाच्या दिवशी कुत्रा बिथरला असेल तर आकडे फुगतात. दवाखान्यातला आलेख आणि घरचा आलेख जुळला नाही तर घरचा जास्त धरा. मधल्या काळासाठी फ्रुक्टोसामाइन ही रक्ततपासणी आहे, ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते. पण सरासरीच ती, 60 आणि 450 ची सरासरीही बरी दिसते.

सगळं बरोबर, तरी साखर उतरत नाही

एका वेळचा डोस किलोमागे 1 युनिटच्या वर गेला आणि तरी साखर तीनशेच्या वर, तर शरीरात दुसरं काहीतरी चालू आहे. दत्तक कुत्र्यात तर हे आधीच गृहीत धरावं, कारण मागचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो.

मादी असेल तर पहिला प्रश्न: नसबंदी झाली आहे का? पोटावरचा व्रण केसांत दिसत नाही, सोनोग्राफी करून घ्या. माजानंतरचे साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढलेलं असतं, ते इन्सुलिनला चालूच देत नाही. अशा मादीत डोसशी झुंजत बसण्यापेक्षा तब्येत सावरताच नसबंदी हाच उपचार. लवकर केली तर काहींचा मधुमेह मागेही हटतो. गर्भाशयात पू झाला असेल तर ती शस्त्रक्रिया तातडीची.

मग तोंड. छोट्या जातींचे दात लवकर किडतात आणि रस्त्यावर किंवा पिंजऱ्यात गेलेल्या म्हातारपणी त्यांच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं. ओठ उचलून मागच्या दाढा बघा: तपकिरी थर, लाल हिरडी, वास. हा कायमचा संसर्ग साखर चढती ठेवतो. भूल देण्याची भीती रास्त आहे, पण सडलेली दाढ ठेवून साखर आवरत नाही.

लघवीतला संसर्ग मधुमेही कुत्र्यात अनेकदा गुपचूप असतो, ना जळजळ, ना रक्त. साधी पट्टी निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून लघवी घेऊन कल्चर लावतात, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघतात, ते करून घ्या.

स्टेरॉइड हा सर्वांत जास्त निसटणारा गुन्हेगार. खाजेसाठी दिलेल्या काही इंजेक्शनांचा असर महिना-दीड महिना राहतो. कानाचे थेंब, त्वचेचं मलम आणि डोळ्यांचे थेंब यांतही स्टेरॉइड असतं, आणि 5-6 किलोच्या शरीराला तेवढंही पुरतं. मधुमेही कुत्र्यांत मोतीबिंदू फार लवकर येतो, बहुतेकांना निदानापासून वर्षभरात, म्हणून डोळ्यांचे थेंब हमखास लिहिले जातात. थेंब घेताना मधुमेह आहे हे सांगा आणि स्टेरॉइड नसलेला पर्याय विचारा. डोळा अचानक लाल, मिटलेला, दुखरा झाला तर मात्र एक दिवसही थांबू नका.

कुशिंग, म्हणजे शरीरातच कॉर्टिसोल हे स्टेरॉइड संप्रेरक जास्त बनणं, सगळ्यात शेवटी बघायचं. सुटलेलं पोट, दोन्ही बाजूंनी गळणारे केस, बसल्या जागी धाप ही त्याची चिन्हं. लिव्हरच्या तपासणीतला वाढलेला अल्कलाइन फॉस्फेटेज पुरावा म्हणून धरू नका, तो नुसत्या मधुमेहानेही वाढतो. साखर पार सुटलेली असताना कुशिंगच्या चाचण्याही फसवतात.

कारण सापडलं, आता जपा

दाढा काढल्या, लघवीचा संसर्ग गेला, नसबंदी झाली किंवा स्टेरॉइडचा असर ओसरला, की चार दिवसांपूर्वी अपुरा पडणारा डोस अचानक जास्त होतो. साखर खाली जाण्याचे प्रसंग या पहिल्या दोन आठवड्यांत पुष्कळ घडतात, कारण घर निवांत झालेलं असतं. शस्त्रक्रियेच्या सकाळी किती सुई द्यायची, बहुधा अर्धी, हे आदल्या दिवशी विचारा. घरी आल्यावर प्रत्येक सुईआधी साखर मोजा, शिवाय सुईनंतर चार ते आठ तासांत एकदा. सुईआधीचा आकडा आधीच्या मानाने सलग उतरत चालला तर 80 होण्याची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. मधाची छोटी बाटली फ्रिजवर ठेवा आणि ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, दुपारी येणाऱ्या कामाच्या मावशींनाही, दाखवून ठेवा.